पडद्यावर काळं दिसलं ते

"कॅन्सर आहे," असं अंधेरीच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझा नवरा त्यांच्यावरच खेकसला. "नाय हो! मी सोताच्या डोल्यानी बगितलंय. नुसतं पानी हाय."

आम्ही खारदांड्याचे कोळी. नवऱ्याची होडी आहे, म्हणून सगळे त्यांना नाखवा म्हणतात. मीही तेच म्हणते. मी बाजारात मासे विकायला बसायची. तोंड माझं चांगलंच चालतं, हे गिऱ्हाइकांना विचारा. पण स्वतःच्या पोटाबद्दल मी मूग गिळून गप्प बसले होते.

पोट फुगत होतं. दोन घास खाल्ले की पुरे व्हायचं. हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र पुढे. मला वाटलं गॅस, आता वय झालं. ओवा चावला, गोळ्या खाल्ल्या. माझ्यासारख्या बायांनो, असं करू नका. नाडी सैल करत बसण्यापेक्षा डॉक्टरकडे जा.

शेवटी डॉक्टरकडे गेले, त्यांनी सोनोग्राफी करायला सांगितली. नाखवांनाही आत येऊ दिलं. त्यांच्या होडीवर मासे शोधायचं मशीन आहे. ते पाण्यात आवाज सोडतं, तो माशांवर आपटून परत येतो आणि पडद्यावर ठिपके उमटतात. काही नसेल तर पडदा काळा. माझ्या पोटाचा पडदा बराचसा काळाच होता. एरवी काळा पडदा बघून शिव्या घालणारा माणूस त्या दिवशी खूश झाला. "काय नाय गो आत, पानीच हाय," म्हणाले. मलाही हायसं वाटलं. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीण बाई मात्र मशीनचा दांडा, त्याला प्रोब म्हणतात, पोटावर त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरवत होत्या. ते मला आवडलं नव्हतं.

त्या पाण्याला असायटिस म्हणतात, म्हणजे पोटाच्या पोकळीत साठणारं पाणी. सुईने थोडं काढून तपासलं, तर त्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या. मूळ अंडाशयात होतं. ते ऐकून नाखवा तडक सोनोग्राफीवाल्या बाईंशी भांडायला गेले, मलाही ओढत नेलं.

बाई चिडल्या नाहीत. बाहेर पेशंट ताटकळत असताना त्यांनी आम्हाला नीट समजावलं. प्रोबमधून आवाज जातो, पण आपल्या कानांना ऐकू न येणारा. आत जिथे एक थर संपून दुसरा सुरू होतो, तिथून थोडा आवाज परत फिरतो. किती वेळाने आला त्यावरून खोली कळते. जितका जोरात आला, तितकं पडद्यावर पांढरं दिसतं. मध्ये हवा आली तर आवाज तिथेच अडतो, म्हणून ते गार जेल फासतात. पाण्यातून मात्र तो सरळ निघून जातो, परत काहीच येत नाही. म्हणून पाणी काळं.

"काका, समुद्रात पाणी असणारच," बाई म्हणाल्या. "पोटात एवढं असता कामा नये."

नाखवांनी मान हलवली. पण पटलं नव्हतं. मी मरणार, हे सोडून त्यांना सगळं पटत होतं.

मग केमोथेरपी, म्हणजे शिरेतून देतात ती कडक औषधं. केस गेले, तोंडाची चव गेली. ऑपरेशन झालं, पुन्हा केमो. वेटिंग रूममध्ये नाखवा शेजारच्यांना सांगायचे, "पानी काडलं की बरी व्हनार." मला राग यायचा. माझं मरण मला एकटीला उचलावं लागत होतं.

पुढच्या सोनोग्राफीला मी बाईंना म्हटलं, पडदा माझ्याकडे वळवा. त्यांनी वळवला. यकृताच्या कडेने काळी पट्टी होती. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. "परत आलंय," त्या म्हणाल्या. "पाणी काढता येईल, पण पुन्हा भरेल. आता त्रास कमी करणं एवढंच हातात आहे." खोटा धीर दिला नाही, त्याबद्दल त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

घरी आल्यावर मी नाखवांना स्वयंपाक शिकवायला घेतला. जन्मभर मासे मारले, पण कालवण कधी केलं नव्हतं. "कशाला? तू हायेस ना," असं कुरकुरत ते चुलीशी उभे राहायचे. मी खुर्चीत बसून सांगायची.

काल बोंबलाचं कालवण एकट्याने केलं. मला फार जात नाही, चमचाभर घेतलं.

"मीठच नाय," मी म्हटलं.

ते वाटी हातात घेऊन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "तू गेल्याव मना कोन सांगल गो?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते हे बोलले. मीही रडले, पोट दुखेपर्यंत. मग मिठाची बरणी त्यांच्यापुढे सरकवली.

"थोडं घाला," म्हटलं. "चाखा. आता मला विचारू नका, तुम्हीच सांगा."