वांग्याला पोटभर पाणी

जळकोटच्या स्टँडवर एसटीत चढलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन धोतरं आणि वांग्याच्या बियांची एक पुडी होती. बाजूला माझी लेक मंगल. तीच न्यायला आली होती. तिची आई, सुभद्रा, जाऊन वर्ष होत आलं होतं आणि मी थापलेली भाकरी कुत्रंबी नुसता वास घेऊन सोडायचं. शेजारचा गणपत खिडकीशी येऊन म्हणाला, "लेकीकडं चाललास. मजा हाय गड्या तुझी!"

गणपत, मजा काही नव्हती. सुभद्रा म्हणायची, "लेकीच्या दारात बापानं पाहुणा म्हणून जावं, बसून खाऊ नये." मीबी तेच मानणारा. अर्धापूरला पोचलो तसं मंगलला रोखठोक सांगितलं, "मी पिकवलेलं तुझ्या चुलीवर शिजलं तर राहीन. न्हाई शिजलं तर माघारी जाईन. रिकामं का असंना, घर हाय माझं."

पोरगी आईवर गेलीय. वाद घातला न्हाई. जावयाच्या केळीच्या कडेचा एक तुकडा मला दिला आणि म्हणाली, "आबा, नव्यानं फळं-भाजी करणाऱ्यांना शेतकीवाले शिकवून राहिले हितं. रोपं देतात, ठिबक बसवून देतात, मागून बघायलाबी येतात. तुमचं नाव घातलंय."

चौथीतून पळालेला माणूस मी, म्हातारपणी पुन्हा शाळेत बसलो. बाकी सगळी पोरं नातवाच्या वयाची, शहरातली नोकरी सोडून आलेली. शिकवणारी मॅडम मंगलहून लहान. तिनं विचारलं, "आजोबा, अनुभव काय?" म्हणालो, "तूर अन् ज्वारी. आभाळाकडं बघून." पोरं हसली. मीबी हसलो. लई दिवसांनी हसलो.

आमच्या काळात बी फेकलं की काम संपायचं. इथं बी ट्रेमध्ये लावायचं, रोप मोजलेल्या अंतरावर. वांग्यातल्या अळीचा पतंग धरायला सापळा टांगतात, त्यात मादीचा वास भरलेला असतो, नर भुलून आत पडतो. हे सुभद्राला सांगितलं असतं तर हसून हसून मेली असती. असं लिहिलं आणि हात थांबला. असू द्या.

रोपं लावली. कडेच्या ओळीत सुभद्राच्या पुडीतल्या बियांची. चांगली उभी राहिली, आणि मग दुपारी माना टाकायला लागली. रोज जास्तच. मी खताला शिव्या दिल्या, उन्हाला दिल्या. मनातल्या मनात पिशवीबी भरली.

मॅडम शेत बघायला आली. खाली बसून खुरप्यानं एका रोपाजवळ उकरलं. वर ओलं, खाली पापड. मुळाजवळची माती मुठीत दाबली, तर भुगा झाला. "हिचा लाडू वळायला पाहिजे," म्हणाली. "पाणी कोण देतं?"

जावई म्हणाला, "सकाळी मी ठिबकचा कॉक उघडून केळीत जातो. मामा असतात की इथं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कबूल केलं, माती काळी दिसली की मी कॉक बंद करायचो. पाणी चालू राहिलं की माझा जीव खालीवर होतो. टँकरमागं घागर घेऊन पळालेला माणूस, उघडा नळ बघवत न्हाई.

मॅडम म्हणाली, "आजोबा, तुम्ही झाडाला पाणी पाजता की नुसतं तोंड पुसता?"

जावई पोट धरून हसला. "मामा, विहीर भरलीय. एवढी राखण कुणासाठी?"

जळकोटातून उठून पुण्याला, हैदराबादला गेलेल्यांनो, तुम्हाला हे कळंल. आपण गाव सोडतो, पण कॉकवरचा हात गाव सोडत न्हाई.

दुसऱ्या दिवसापासून कॉक उघडला की मी दोन्ही हात काखेत घालून बांधावर बसायचो. खाजायचे हात! मग माती काढून लाडू वळायचा, वळला की बंद. रोपांनी माना उचलल्या. जांभळी फुलं आली, वांगी धरली. पहिला तोडा मी मंगलच्या पदरात घातला.

तिनं भरली वांगी केली. घास घेतला आणि सुभद्राच्या चुलीपुढं बसल्यासारखं वाटलं. जावई म्हणाला, "मामा, आता पिशवी माळ्यावर टाकू का?" म्हणालो, "टाक. अन् अजून एक भाकर वाढ म्हणावं."

गणपत, माझ्या घराची कडी तेवढी बघत जा. येईन कधीमधी, पाहुणा म्हणून. घर आता हे. शेतात मी पाणी पोटभर सोडतो. पण मोरीमागं एक वांग्याचं झाड लावलंय, त्याला ठिबक न्हाई. सुभद्रा आमच्या अंगणातलं वांगं भांडी धुतलेल्या पाण्यावर जगवायची. त्याला मीबी तेच घालतो.