अबोल्याच्या घरचं बियाणं

मोहाच्या झाडाखालून सकाळी टोपलीभर फुलं वेचून आणावीत आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहावं, तर तेवढीच पुन्हा पडलेली! आमच्या सपरीतल्या गोष्टींचं तसंच आहे. कितीही सांगितल्या तरी खाली टोपलीभर उरतातच.

सपरी म्हणजे घरापुढची उतरत्या छपराची जागा. मागच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी चंद्रपूरहून कुरखेड्याजवळच्या या गावात आले, तेव्हापासून बघतेय, दुपारी कामं आटोपली की सासूबाईंच्या मैत्रिणी इथे जमतात आणि बियाणं निवडतात. जुनं, घरचं बियाणं. धान, कोसरी नावाचं बारीक भरडधान्य, बरबटी म्हणजे चवळी, तूर. मी बोलते कमी. कमी बोलणाऱ्या माणसासमोर लोक मोकळेपणानं बोलतात, हा माझा फायदा.

*

या मंडळात मला प्रवेश मिळाला तो दातांमुळे.

बियाणं पुरेसं वाळलं की नाही हे दाण्याला चावून ठरवतात. यातलं शेवटचं कोर्ट म्हणजे शेजारच्या शेवंताकाकू. आता त्यांच्या तोंडात एकही दात नाही. म्हणून त्या दुसऱ्याला चावायला लावतात आणि स्वतः कान देतात.

मी नवीन होते तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं, हातावर धानाचा दाणा ठेवला. "चाव पोरी."

मी चावला. त्यांनी डोळे मिटले. "अजून एक ऊन पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा चावला. कट्‌कन आवाज झाला. काकूंचा चेहरा खुलला. सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "लीला, सून चांगली आणली वं. दात खणखणीत आहेत."

लग्नाआधी मला बघायला पाच घरची माणसं येऊन गेली होती. दातांकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

*

सपरीत एक लहान, तांबूस बरबटी आहे. तिचं नाव जावयाची बरबटी. काकूंच्या जावयानं पहिल्या दिवाळसणाला खिशातून मूठभर आणली होती, तिकडे हेमलकशाच्या बाजूनं कुठूनतरी. पुढे त्या दोघांचं काही जमलं नाही. मुलगी माहेरी परत आली, शिवणकाम शिकली, आता तिचं उत्तम चाललंय.

बरबटी मात्र गावभर झाली. ज्या वर्षी पावसानं मधेच दडी मारली, त्या वर्षी सगळ्या कुंपणांवर तीच हिरवी होती आणि घरोघरी तिचीच भाजी.

मी विचारलं, "काकू, नाव बदलायचं नाही का?"

"काऊन बदलू? त्यानं एवढं एकच काम धड केलं."

*

आता सोनूबाईंबद्दल. सोनूबाई मडावी म्हणजे आमच्या शेताच्या शेजारीण. उताराच्या जागेत त्या कोसरी, तूर, मका, भेंडी सगळं एकत्र पेरतात. माझ्या नवऱ्यानं, दिनेशनं, एकदा त्यांना सुचवलं की ओळीनं पेरलं तर निंदायला सोपं जाईल.

"बरोबर आहे भाऊ," त्या म्हणाल्या. "पण मले घरात बसून खायचं आहे, परेड नाई पाहायची."

त्यांच्या घरी भादव्यात मका असतो, दिवाळीत कोसरी, संक्रांतीला तूर. एक पीक रुसलं तर दुसरं जेवू घालतं. दिनेश आता दर वर्षी त्यांच्याकडून मिश्र बियाणं मागून आणतो. परेडचा विषय काढत नाही.

*

या सोनूबाई आणि माझ्या सासूबाई एकमेकींशी बोलत नसत. कारण धुऱ्यावरचं मोहाचं झाड. दोघींच्या शेतांच्या मधोमध उभं, त्यामुळे फुलं कोणाची, यावर एकदा कडाक्याचं भांडण झालं. ते माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीचं.

तरी दोघी सपरीत रोज शेजारी बसत. मधे मी.

"सांग तिले, तूर नीट पाखड म्हणा."

"सांग तिले, म्हणा, आपलं पाहा."

मला तोंड उघडावंच लागायचं नाही. भिंतीसारखी बसायचे, निरोप आरपार जायचे.

गंमत म्हणजे सासूबाईंची लुचई याच सोनूबाईंच्या घरी असे. लुचई हे आमच्या घरचं धान. पाऊस मागेपुढे झाला तरी लोंबी धरतं, आणि भाताचा वास गल्लीभर जातो. बाकी गावानं ते केव्हाच सोडलंय. पेरणीपुरतं बियाणं वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरायचं, तोंड शेणानं लिंपायचं आणि जिच्याशी बोलणं बंद आहे तिच्या घरी ठेवायचं, ही इथली रीत.

मला काही कळेना. काकूंनी समजावलं. "दोस्तीच्या घरी ठेवलं तं पाहुणा आला की शिजते. विचारलं तं म्हणते, अवं, तुयं ते मायंच समजून खाल्लं. भांडणाच्या घरी कोण हात लावन? एक दाणा कमी झाला तं गावभर इज्जत जाते."

"आणि स्वतःच्या घरी?"

"तिथी तं पयलेच शिजते."

*

मागच्या हंगामात कापणीच्या तोंडावर रानडुकरं आमच्या लुचईच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात शिरली. सकाळी पाहिलं तर धान आणि चिखल वेगळा करता येत नव्हता. सासूबाई बराच वेळ शेताच्या कडेला, पारीवर उभ्या राहिल्या. मग घरी येऊन मला म्हणाल्या, "सांग तिले, तुंबा नीट ठेव म्हणा."

सोनूबाई बातमी ऐकून आल्या होत्या, कुंपणापलीकडेच उभ्या होत्या. "सांग तिले, म्हणा, माया जिवापाशी आहे."

आता लुचई म्हणजे तेवढा एक तुंबा.

*

या उन्हाळ्यात वादळ आलं आणि ते मोहाचं झाड पडलं.

आम्ही सगळे बघायला गेलो. त्या दोघीही आल्या. झाडाच्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला ती.

"पडलं," सासूबाई म्हणाल्या.

"हो ना वं," सोनूबाई म्हणाल्या.

मग दोघी त्याच खोडावर बसल्या आणि दुपार टळेपर्यंत बोलत राहिल्या. लोकांचे डोळे पाणावले. फक्त शेवंताकाकूंनी कपाळाला हात लावला. "अन् आता तुंब्याचं काय?"

दुसऱ्याच दिवशी सोनूबाई तुंबा घेऊन दारात. "तुयं तू घे लीला. आता माया घरी त्याचा भरवसा नाई. काल रातच्यालेच वाटलं, एक मूठ शिजवून पाहाव."

*

तुंबा आमच्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगला गेला. मृग जवळ आला होता. आणि नेमकी माझ्या माहेरची माणसं पहिल्यांदाच राहायला येणार होती.

सासूबाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. "व्याह्याले का दुकानातल्या तांदळाचा भात वाढू?" असं भिंतीला विचारत. तुंबा खाली काढत, कानाशी हलवत, पुन्हा टांगत. पाहुण्यांच्या आदल्या दिवशी तर त्यांनी तो चुलीजवळ आणून ठेवला. लिंपलेल्या तोंडावरून अंगठा फिरवत बसल्या. मी भाजी चिरत होते.

एकाएकी त्या उठल्या. माझ्या वरणात बोट बुडवून चाखलं.

"मीठ हाय का हे? अं? मीठ म्हणतेत याले?"

मीठ बरोबर होतं. पण त्यांचा आवाज चढतच गेला. माझं माहेर, शिक्षण, झाडझूड, सगळं निघालं. गल्लीतल्या बायका कुंपणाशी आल्या. दिनेश अर्ध्या घासावर थांबला.

"आजपासून तुयं मायं बोलणं बंद!"

आणि त्यांनी तुंबा उचलून माझ्या मांडीत ठेवला. पदर खोचला आणि सपरीत जाऊन, शेवंताकाकूंच्या शेजारी, माझ्याकडे पाठ करून बसल्या.

मी तुंबा घट्ट धरून दारापर्यंत गेले.

"सांगा तिले काकू," सासूबाई म्हणाल्या, "उद्या त्याले ऊन दाखव म्हणा."

"काकू," मी म्हटलं, "सांगा त्यांना, दाखवते म्हणा."