थिजलेल्या तेलाचा दीपोत्सव

दुपारी तीनला मी जव्हारच्या तळ्यावर पोचलो तेव्हा तिथे उत्सवाचे कोणीच नव्हते. डहाणूला रेल्वेतून उतरून बैलगाडीत दीड दिवस घालवला होता आणि पाठ मोडून निघाली होती. पायऱ्यांवर पणत्या मात्र मांडून झाल्या होत्या. उत्सव भरवणाऱ्या मंडळाच्या म्हणण्याप्रमाणे हजार. मी दोन पायऱ्यांवरच्या मोजल्या आणि अंदाज केला: सहाशेच्या वर नसाव्यात.

जव्हार तेव्हा संस्थान होते. महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या तापाच्या साथीला वर्ष झाले होते. त्या साथीत गावातले एक डॉक्टर पाड्यापाड्यांतून औषध वाटत फिरले आणि सूर्यमाळला स्वतःच तापाने गेले. साथीतले प्रेत एवढ्या लांब आणायला कोणी धजेना. पाड्यावरच्या लोकांनी तिथेच अग्नी दिला. त्यांच्या पत्नीला निरोप मिळाला तो तिसऱ्या दिवशी. आता तिथीला त्यांच्या स्मरणार्थ तळ्यावर दिवे लावायचे, असे काही व्यापाऱ्यांनी मंडळ काढून ठरवले होते. आमच्या ठाण्याच्या साप्ताहिकाला त्याचे निमंत्रण होते.

अध्यक्षांचे कापडाचे दुकान होते. ते साडेचारला आले.

"कार्यक्रम किती वाजता?" मी विचारले.

"पाहुणे आले की लगेच."

"पाहुणे कधी येणार?"

"ते सकाळीच आलेत. आमच्याकडेच उतरलेत. झोपलेत."

पाहुणे म्हणजे ठाण्याचे एक वकील. डॉक्टरांना त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. त्यांना उठवा, असे मी सुचवले. अध्यक्षांनी माझ्याकडे असे पाहिले की मी वही उघडून काहीतरी लिहिल्यासारखे केले.

डॉक्टरांच्या पत्नी एका बाजूला कठड्याशी बसल्या होत्या. पस्तिशीच्या असतील. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या नाशिकला भावाकडे जाणार होत्या, कायमच्या. सामान बांधून झाले होते. त्यांनी मला जवळ बोलावले.

"तुम्ही वर्तमानपत्रातले ना? तुमचं ऐकतील. मला एक पणती लावू द्या म्हणावं. मला त्यांचा अग्नीसुद्धा दिसला नाही हो."

हे काम बातमीदाराचे नाही. तरी मी अध्यक्षांकडे गेलो.

"छे, छे! शुभकार्य आहे," ते म्हणाले.

"डॉक्टरांच्या स्मरणार्थ आहे ना?"

"अर्थात."

"मग त्यांच्या पत्नीनं—"

"स्मरणार्थ असलं तरी दीपोत्सव आहे. पहिल्याच वर्षी विधवेच्या हातून कशाला?"

मंडळाचे चिटणीस मध्ये पडले. "शेवटची पणती लावू देऊ त्यांना. सगळं आटपल्यावर."

"शेवटची म्हणजे सांगता झाली. ती तर पाहुण्यांच्या हस्ते आहे," तिसरे कोणी म्हणाले.

"मग मधली?"

"मधली म्हणजे नक्की कितवी?"

हा वाद अर्धा तास चालला. सहाशे पणत्यांतली एकही त्या बाईंच्या वाट्याला येईना. मी घड्याळ पाहत राहिलो. ऊन उतरले, आणि पठारावरचा गारठा पायाच्या बोटांपासून वर चढू लागला.

खरा घोटाळा दुपारीच होऊन गेला होता. डॉक्टरांनी ज्यांना औषध दिले होते त्या पाड्यांनी निरोप धाडला होता की दिव्यांचे तेल आमचे. घरटी थोडे थोडे करून त्यांनी ते आणले. ते मोहाच्या बियांचे तेल. मंडळातल्या तरुणांनी तयारी वेळेत व्हावी म्हणून भर उन्हात पणत्या भरून ठेवल्या. वाती वाऱ्याने उडतील म्हणून त्या ऐन वेळी ठेवायच्या होत्या. जामसरची एक म्हातारी तेल घेऊन आली होती. तिने तेव्हाच हटकले होते, असे पुढे तिच्याच तोंडून कळले.

"आता नका भरू रं, सांजंला थिजल."

"आजी, तेल आहे ते. तूप नव्हे थिजायला!" असे उत्तर तिला मिळाले होते. उत्तर देणाऱ्यांच्या घरी रॉकेलचे दिवे जळत.

पाहुणे दिवेलागणीला शाल पांघरून आले. प्रकाशाच्या महतीवर ते पंधरा मिनिटे बोलले. डॉक्टरांचे आडनाव त्यांनी दोनदा चुकवले. मग पहिल्या पायरीवर वाकून त्यांनी काडी ओढली. कोरडी वात थिजलेल्या तेलाच्या पांढऱ्या गोळ्यावर आडवी पडलेली होती. ती भुरकन पेटली आणि विझली. दुसरी काडी. तिसरी. सहाव्या काडीनंतर ते कमरेला हात लावून सरळ झाले.

"भावना महत्त्वाची," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. सगळे फराळाला अध्यक्षांच्या घराकडे निघाले.

जाता जाता अध्यक्ष मला म्हणाले, "हजार दिवे उजळले, असं येऊ द्या."

"एकही लागला नाही."

"लागला होता. तुम्ही तेव्हा खाली मान घालून लिहीत होतात."

मी गेलो नाही. भूक लागली होती, पण राग जास्त होता. पाड्यांवरची वीसेक माणसे पायऱ्यांच्या टोकाला पालापाचोळा पेटवून शेकत बसली होती. जामसरच्या म्हातारीने चार पणत्या उचलून विस्तवाच्या कडेला ठेवल्या. तेल आधी कडेने सुटले, मग सगळेच पातळ झाले. तिने बोटाने वात त्यात बुडवून वर काढली आणि हाक मारली.

"दागदरीणबाय, ये इकडं. लांब काय बसलीस?"

बाई उठल्या, पण विस्तवापाशी येऊन थबकल्या. "मी लावू? चालेल?"

"नवरा कोणाचा व्हता? माझा?" म्हातारी म्हणाली. बसलेली माणसे हसली. बाईही हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या.

"तुझा दागदर अस्साच शेकत बसं आमच्याकडं," म्हातारीचे चालूच होते. "आवशीद कडू जहर. आन् म्हनं, थुकायचं नाय, मी बघतोय. लाव, बाय. जपून, तेल सांडल."

त्यांनी पणती पेटवली, दोन्ही तळव्यांत धरून पहिल्या पायरीवर नेली आणि ठेवली. त्यांनी नमस्कार केला नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग बाकीच्यांनी पणत्या शेकून लावायला घेतल्या. मी मोजल्या: एक्केचाळीस.

मी वही काढली. हीच एक बातमी होती. बाईंनी ती वही पाहिली.

"हे छापू नका."

"का? घडलं ते छापणार."

"भाऊ तुमचं वर्तमानपत्र घेतो. वहिनी वाचते. मला त्यांच्या घरात राहायचंय."

मी वाद घालायला तोंड उघडले. अध्यक्षांशी आणि त्यांच्या मंडळाशी दुपारपासून वाद घालून झाला होता, आणि त्यांतल्या कोणाचेही म्हणणे मला पटले नव्हते. या बाईंचेही पटले नाही. पण पहाटे गाडीत बसायचे होते ते त्यांना, मला नव्हे.

पुढच्या अंकात बातमी आली की पहिला दीप पाहुण्यांच्या हस्ते प्रज्वलित झाला. हजार हा आकडा मी घातला नाही. अध्यक्षांचे तक्रारीचे पत्र आठवडाभरात आले, आणि संपादकांनी त्याचे उत्तर मलाच लिहायला लावले.