रंगाची बाजू वर

वाचनालयाच्या मोठ्या खिडकीची सातवी चौकट परांचीवरून खाली उतरली आणि काचकाकूंनी हातातलं काम खाली ठेवलं. हा दिवस यावा म्हणून त्या सव्वीस वर्षं थांबल्या होत्या. तो येऊ नये असंही त्यांना सव्वीस वर्षं वाटत होतं.

काचकाकू हे नाव गवंड्यांनी आणि परांची बांधणाऱ्यांनी पाडलेलं. बाई साठीची, अंगाने काटक, बोटांच्या पेरांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा. जुन्या इमारतींतल्या रंगीत काचांच्या खिडक्या उतरवायच्या, सोडवायच्या, स्वच्छ करायच्या, पुन्हा जोडायच्या, हे त्यांचं काम. नवरा त्याच इमारतींतलं लाकूड आणि छताची नक्षी सांभाळतो. लेक दोन्ही शिकली, वर चार वर्षं बाहेर राहून या कामाचं शिक्षण घेऊन आली, आणि आता घरात तिचाच शब्द शेवटचा. माणसं तीन, आणि तिघांच्या नखांत तीन तऱ्हेची घाण.

काचकाकू जन्माने काचवाल्या नव्हत्या. शिंप्याची मुलगी. लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, त्यांना कापडावर खडूने बाहीचा गोल काढताना पाहिलं. "हात हलत नाही," एवढंच म्हणाले. मुलगा काचकाम शिकेल ही आशा त्यांनी तोवर सोडली होती. "याच्या हातात काच दिली की काचेलाच घाम फुटतो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मुलगा हसायचा आणि रंधा मारत राहायचा. दुसऱ्या दिवसापासून सूनबाई काचेच्या टेबलाशी बसल्या.

पहिलं वर्ष नुसतं पुसणं. शुद्ध पाणी, कापसाचा बोळा, तासाला तळहाताएवढी जागा. घाई केली की शंभर वर्षांपूर्वी काढलेली रेघ बोळ्याबरोबर निघून येते, ती पुन्हा मिळत नाही. दुसरं वर्ष शिसं. काचेचे तुकडे ज्यात बसतात ती शिशाची पट्टी ताणायची, वाकवायची, कापायची, सांध्यावर डाख द्यायचा. बोटं भाजली तर मामंजी विचारायचे, "डाख कसा आलाय?" बोटांचं कुणी विचारत नसे. तिसऱ्या वर्षी एक अख्खी चौकट, एकटीने.

मामंजींचे नियम भिंतीवर लिहिलेले नव्हते, पण ते मोडायची कुणाची छाती नव्हती. टेबलावर काच मांडताना रंगाची बाजू वर. ज्याची चूक, दुरुस्ती त्याच्याच हाताने. पोटुशी बाई शिशाच्या टेबलाजवळ फिरकणार नाही. यातला पहिला नियम पाळून आणि शेवटचा मोडून काचकाकूंनी एक चूक केली होती. ती आता समोर पडली होती.

वाचनालयाने तळमजल्यावरची एक खोली कामाला दिली होती. लेकीने चौकट टेबलावर आडवी ठेवली आणि काचेखालचा दिवा लावला. चित्र साधं होतं. एक बसलेली बाई, मांडीवर उघडं पुस्तक. पण बाई पुस्तकात बघत नव्हती. मान पुस्तकाकडे आणि नजर दाराकडे. लेकीने चेहऱ्याच्या लंबगोल काचेवरून नख फिरवलं, मग खालून हात घालून दुसऱ्या बाजूने फिरवलं.

"आई, इकडे ये. चेहरा उलटा बसवलाय."

काचकाकू जागच्या हलल्या नाहीत.

"रंग आत हवा, तो बाहेरच्या बाजूला आहे, बघ. आतून गुळगुळीत, बाहेरून खरखरीत. म्हणून ही दाराकडे बघतेय! बिचारीला आपलं पुस्तक वाचायचं होतं. कुठल्या गाढवाने केलं असेल गं हे?"

दारातून नवरा आत आला. छताचा चुना केसांत, भुवयांत. "गाढवं एवढ्या उंच चढत नाहीत," तो म्हणाला. "माणूसच असणार."

लेक हसली आणि चौकटीचा खालचा कोपरा पुसायला लागली. पुसता पुसता तिचा हात थांबला. शिशावर तीन आडव्या रेघा कोरलेल्या होत्या. ही मामंजींची खूण. काम जागेवर बसलं, त्यांना पसंत पडलं, तरच ते परांचीवर उभं राहून खिळ्याने ती कोरत. पसंत पडलं नाही तर कोरत नसत, आणि चौकट खाली येत असे. स्वतःची एक चौकट त्यांनी दोनदा खाली आणली होती.

"आजोबा?" लेक म्हणाली. तिने पुन्हा पुसून पाहिलं. खूण तीच.

त्या मुलीने आजोबांना सहा वर्षंच पाहिलं होतं, पण त्यांच्यावरच ती उभी होती. गेल्याच महिन्यात एका सुताराला आजोबांचा दाखला देऊन तिने तेच दार तिसऱ्यांदा उतरवायला लावलं होतं. तिने फोटो काढायचा कॅमेरा उचलला, पुन्हा खाली ठेवला. "अहवालात फोटो द्यावा लागेल. खुणेसकट." मग हळूच म्हणाली, "त्यांच्याही डोळ्यांखालून जायचं म्हणजे... म्हातारे झाले असतील ना तेव्हा?"

तेव्हा ते पंचावन्नचे होते आणि दहा हातांवरून काचेतला बुडबुडा दाखवत. काचकाकूंनी तोंड उघडलं, आणि नेमके ग्रंथपाल आत आले.

ग्रंथपाल निवृत्तीला टेकलेले, चष्मा कपाळावर. उलट्या चेहऱ्याची गोष्ट ऐकून ते टेबलावर वाकले. "सुलटा केलात तर ही पुस्तकात बघणार?"

"हो."

"मग नका करू. अठ्ठावीस वर्षं मी दारासमोरच्या टेबलाशी बसतोय. एवढी वर्षं बायकोसुद्धा माझ्याकडे टक लावून बघत नाही."

"तुम्ही तिच्याकडे बघत असाल तर बघेल ना," नवरा म्हणाला.

लेक मात्र हसली नाही. तिने त्यांना दिवा तिरका धरून दाखवला. ऊन-पावसाने बाहेरचा रंग खाल्ला होता. डाव्या पापणीची रेघ गेली होती, ओठांचा एक कोपरा गेला होता. "अजून दहा वर्षं अशीच ठेवली तर ती कुणाकडेच बघणार नाही. नुसती काच उरेल." ग्रंथपालांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, बराच वेळ पाहिलं, "तुमचं काम तुम्हाला ठाऊक," म्हणाले आणि गेले. नवराही त्याच्या छताकडे गेला.

खोलीत मायलेकी उरल्या. लेक खुणेकडे बघत होती. काचकाकूंना दोन वाटा होत्या. तोंड मिटून बसलं की दोष म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर जाणार होता, आणि मेलेला माणूस काही बोलायला येत नाही. बोललं तर लेकीच्या आजोबांचं काय उरेल, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

"ते गाढव मी," काचकाकू म्हणाल्या.

लेकीने वर पाहिलं.

"माझी पहिली चौकट. तुकडे मांडायला चौकटीचा कागदावर ठसा घेतात, तो या वेळी आपण आतून घेतला नव्हता. आतल्या शिशावर जुन्या पुट्टीचे थर होते, म्हणून बाहेरून कागद लावून घेतला. त्यामुळे सगळं टेबलावर पालथं मांडायचं होतं. रंग खाली. मी मांडलं तसं. एकशे बारा तुकडे बरोबर मांडले. चेहरा सर्वांत शेवटी आला, त्याची सफाई वेगळी चालली होती. आणि हाताने सवयीने रंग वर ठेवला. बाकीचा कुठलाही तुकडा उलटा बसलाच नसता. हा लंबगोल. बसला."

"तुझ्या लक्षात नाही आलं?"

"माझं लक्ष ओकारी दाबण्यात होतं. दोन महिने झाले होते मला. तुझे."

लेक टेबलाची कड धरून उभी राहिली.

"कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मामंजींनी त्याच दिवशी टेबलावरून उठवलं असतं. आदल्या वर्षी एक पोटातच गेलं होतं. त्यावर सहा महिने मी तोंड शिवल्यासारखी बसले होते. ही चौकट मिळाली तेव्हा वाटलं, निदान हे तरी पुरं करू. खोटं नाही सांगत, स्वार्थच होता."

"मग आजोबांनी खूण...?"

"चौकट बसवली त्या दिवशी मी इथे जिन्यावर ओकले. ते वर होते. वरून त्यांनी मला पाहिलं. त्याआधी चेहरा पाहिला होता."

"म्हणजे त्यांना माहीत होतं."

"पहिल्याच दिवशी."

"आणि तरी खूण केली?"

"केली. खाली उतरले, म्हणाले, 'छान बसलंय. आता तू घरी.' उभ्या आयुष्यात मला एकदाच छान म्हणाले, तेही खोटं."

हे त्यांना कळलं ते चार वर्षांनी. लेकीला घेऊन त्या वाचनालयात आल्या होत्या, आणि पोरीने खिडकीकडे बोट करून विचारलं, ती बाई पुस्तक का वाचत नाही? काचकाकूंनी तो चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. त्याच पावली घरी जाऊन त्या मामंजींसमोर उभ्या राहिल्या. मामंजी हिरकणीने काच कापत होते. कापणं पुरं केलं, मगच बोलले. सांगितलं असतं तर तू ती चौकट स्वतः उघडली असतीस, शिशात हात घातला असतास. मी उघडली असती तर तुला कळलंच असतं. आधीच्या बाळाचा दोष तू स्वतःला देत होतीस, त्यावर हा आणखी एक मी चढवणार नव्हतो. मग म्हणाले, परांची पुन्हा चढेल तेव्हा तुझ्या हाताने फिरव. दोन वर्षांनी ते गेले.

"तीस वर्षं," लेक म्हणाली. "मधे कितीदा तरी आपण या रस्त्याने गेलो."

"हो. परांची महाग, वाचनालय ऐकणार नाही, पुढच्या साली बघू. सबबी मी काही कमी शोधल्या नाहीत."

लेक खोलीबाहेर निघून गेली. वर जिन्यावर तिची पावलं वाजली, मग वाजायची थांबली. काचकाकू मागे गेल्या नाहीत. त्यांनी चाकू घेतला आणि चेहऱ्याभोवतीचं शिसं उचलायला सुरुवात केली. घाईचं काम नव्हतं. पट्टीची कड केसभर उचलायची, पुढे सरकायचं. अर्धा वेढा सुटला तेव्हा लेक परत आली. डोळे लाल.

"म्हणजे हिचं तोंड माझ्यामुळे फिरलं," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे कशाला? माझ्या सवयीमुळे."

"त्या सुताराला काय तोंड दाखवू मी आता?"

"त्याचं दार वाकडंच होतं."

लेकीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती आईच्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली. काचकाकूंनी चाकू बाजूला धरला, तिला लागू नये म्हणून. एक हात मोकळा होता. त्याने त्यांनी लेकीच्या केसांतला चुन्याचा कण काढला.

"सरक आता," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "उजेड अडतोय."

जुन्या काचेवर नवी रेघ ओढायची नाही, हे या कामातलं सर्वांत कडक पथ्य. गेलेलं ते गेलं. म्हणून मागे एक पातळ बिनरंगी काच लावायची, आणि जेवढं गेलंय तेवढंच तिच्यावर काढून भट्टीत भाजायचं. दोन्ही काचा एकावर एक आल्या की रेघ जुळते. ओठांचा कोपरा सोपा होता; पापणीची ती रेघ दीड इंचाची. काचकाकूंचा हात आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. लेक म्हणाली, मी काढते. काचकाकू म्हणाल्या, चूक कुणाची? पहिल्या दिवशी सहा काचा वाया गेल्या. दुसऱ्या दिवशी पाच. बाराव्या काचेवरची रेघ शेवटाला जराशी जाड आली होती. लेकीने भिंगातून पाहिली.

"शेवटी जाड आहे."

"दिसतंय मला."

तेराव्या काचेवर जमली. ती भट्टीत गेली. चेहरा रंग आत करून बसला, शिसं पुन्हा मिटलं, डाख पडला. दोघींनी चौकट उजेडात उभी धरली. बाई आता पुस्तकात बघत होती, इतकी मन लावून, की हाक मारायला संकोच वाटावा. ग्रंथपाल येऊन बघून गेले. "आता मलाही काम करावं लागेल," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी लेक अहवाल भरायला बसली. छापील तक्ता होता. फोटो लावले, खुणेसकट. दोष कुणाकडून, या रकान्यात तिने आधी 'पूर्वीचे कारागीर' लिहिलं. काचकाकूंनी मान हलवली. तिने ते खोडून आईचं नाव लिहिलं, आणि पेन उचलून थांबली.

"आजोबांचं?"

काचकाकूंनी विचार केला. "लिही. चूक त्यांची नाही. पण बघून तशीच ठेवली त्यांनी. लपवलेलं त्यांना आवडलं नसतं."

लेकीने लिहिलं. मग पुढच्या रकान्यात काहीतरी खरडलं आणि कागद आईकडे सरकवला. दोषाचं कारण, असं छापलेलं होतं. खाली तिच्या अक्षरात: घरात मूल येणार होतं.

"हे कारण त्यांच्या तक्त्यात बसायचं नाही," काचकाकू म्हणाल्या.

"मग काय लिहू?"

काचकाकूंनी चष्मा पुसला, ते चार शब्द पुन्हा वाचले. खाली बरीच जागा मोकळी होती. दुसरं काही लिहिता आलं असतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि कागद परत दिला.