चेंडू आत कोणी नेला?

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या ऑफिसात नागपूरचे एक सीनियर आहेत. रविवारी ते अमेरिकन फुटबॉलच्या हौशी सामन्यांत रेफरी असतात आणि सोमवारी डबा खाताना मला नियम समजावतात. पोळीचा तुकडा म्हणजे गोललाइन, मटाराचा दाणा म्हणजे चेंडू.

"चेंडू आपल्या गोललाइनमागे अडकला, एवढ्यावर निकाल नाही द्यायचा. तिथे नेला कोणी? त्यांच्या किकने आला, तर टचबॅक, गुण कोणालाच नाही. आपणच मागे पळत नेला आणि पकडले गेलो, तर सेफ्टी. दोन गुण त्यांचे." मग सेफ्टीची खूण म्हणून दोन्ही तळवे डोक्यावर जोडतात आणि चेंडू खाऊन टाकतात.

गेल्या महिन्यात क्लायंटकडे आमचं सॉफ्टवेअर बंद पडलं. मीटिंगमध्ये मी ठणकावून सांगितलं, "त्यांनी डेटाच चुकीचा पाठवला." मॅनेजरला ते पटलंही. चूक माझीच आहे, हे फक्त समोर बसलेल्या या सीनियरना ठाऊक होतं. त्यांनी आळस दिल्यासारखे हात वर नेले आणि तळवे डोक्यावर जोडले.

"सॉरी," मी म्हणालो, "डेटा बरोबर होता. चूक माझी आहे."

दुपारी त्यांनी फुटबॉलचा विषयच काढला नाही. मटाराची वाटी तेवढी माझ्याकडे सरकवली.