उतारावरचं दर्शन

घरात पडून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि महादेवाचं नि माझं बोलणंच बंद झालं. सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करायची, पण रुसलेल्या सुनेनं ताट वाढावं तशी. "हाड जुळलंय, चाला आता," लातूरचे डॉक्टर सांगत; माझा पाय मात्र भीतीनं जमिनीला टेकत नव्हता. मुलगा-सून दोघं नोकरीला, म्हणून मला सांभाळायला पगारी बाई ठेवली, मुखेडकडची सुंदराबाई. मी देवाकडं बळ मागितलं होतं, त्यानं ही पाठवली! न्हाऊ घालायची, उचलून बसवायची, दिवसभर बडबडायची आणि रोज एकच धोशा, "अक्का, चार पावलं टाका."

"देवाची इच्छा झाली की टाकीन."

"देवाची हाय वो, तुमचीच न्हाई!"

श्रावणी सोमवारी तिच्याच हट्टापायी आम्ही चाकूरजवळच्या आमच्या गावी महादेवाला गेलो. मुलगा गाडी लावायला थांबला. देऊळ उताराच्या तळाशी. सुंदराबाई माझी चाकाची खुर्ची धरून सावकाश उतरत होती. कळस दिसला तशी मीच म्हणाले, "अगं, हात तरी जोड!" बिचारीनं जोडले. दोन्ही.

खुर्ची सुटली. "महादेवा! महादेवा!" मी जीव मुठीत धरून ओरडत होते, लोकांना वाटलं, म्हातारीला भक्तीचं भरतं आलंय. रांग दुभंगली, एकीनं तर माझ्यावर बेल उधळला. मागून सुंदराबाई पळत होती, "धरा वो, अक्काला धरा!" नंदीशेजारच्या नारळाच्या शेंड्यांच्या ढिगात खुर्ची रुतून थांबली. समोर पिंड. इतक्या जवळून दर्शन कधी झालं नव्हतं, आणि मागायला एक शब्द सुचेना.

मागं पाहिलं तर सुंदराबाई पाय मुरगळून देवळाच्या अंगणात खाली बसलेली, घोटा टम्म सुजलेला. तरी ओरडत होती, "अक्का, लागलं का तुम्हाला?" पुढचं मला नीट सांगता येत नाही. मी उठले होते. एकानं खुर्ची ओढून काढली. खुर्चीच्या पाठीला धरून मी अंगण ओलांडलं, बायकांनी सुंदराबाईला खुर्चीत बसवलं आणि मी ढकलू लागले.

"अक्का, तुम्ही चालून राहिलाव!"

"गप! बोललीस की पाय थांबंल."

तेवढ्यात मुलगा आला नि जागीच थबकला. "आई, कोण कुणाला सांभाळून राहिलंय?"

पाय बरा होईपर्यंत सुंदराबाई आमच्याकडंच राहिली, कामाला नव्हे, विश्रांतीला. पगार चालूच ठेवला. तिला हक्काची सुट्टी कधी दिलीच नव्हती, ती तेव्हापासून दर रविवारी ठरली. मी बळ मागितलं होतं, आणि ते रोज मला न्हाऊ घालत होतं. ओळखायला मात्र उशीर झाला. शरण जायचं म्हणजे देवानं कुणाच्या हातून द्यायचं, हे आपण ठरवायचं नाही, एवढंच मला कळलं.

तिच्या विश्रांतीच्या पहिल्या दिवशी मी स्वतः तिला चहा करून दिला. संकोचानं तिचे डोळे भरले. एक घोट घेतला, म्हणाली, "साखर कमी हाय वो, अक्का."

मी उठले आणि साखर आणायला गेले.