फॉर्मलीनचे दोन थेंब

नातवाच्या कॉलेजात बेडकांच्या बरण्या पाहिल्या, फॉर्मलीनचा वास नाकात गेला आणि मला लखनौच्या आलमबागेतलं ते रक्ततपासणीचं दुकान आठवलं. नव्वदनंतरची गोष्ट. बिहारातून बदली होऊन लखनौला आलो आणि बायकोला ताप धरला. डॉक्टर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला होता, ‘खून की जाँच करा लो.’ अंगात आधीच रक्त नाही, त्यातलं आणखी काढायचं? मी चिठ्ठी खिशात घातली, तिला सांगितलं, साधा ताप आहे. दोन-तीन महिन्यांत तिचं पोट फुगलं, रंग काळवंडला, तेव्हा कुठं घाबरून नेलं. इंग्रजी कागद मला वाचता येत नाही, पण ते कशाला सांगू? तपासणाऱ्याला म्हटलं, ‘कागज नहीं, आँख से दिखाओ.’ त्यानं तिच्या रक्तावरचं पिवळं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि फॉर्मलीनचे दोन थेंब टाकले. ‘भाईसाहब, जम गया तो काला-आज़ार. इलाज है, मगर देर हुई तो मुश्किल.’ देर तर मी करून बसलो होतो. गोठू नको, गोठू नको, असं मी नळीलाच विनवत होतो. पाणी दुधाळ झालं, मग उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं. त्यानं नळी उलटी केली, थेंबही सांडला नाही. बाहेरच्या बाकावरून तिनं विचारलं, ‘अहो, काय निघालं?’ मी आधी तपासणाऱ्यालाच विचारलं, ‘इलाज कहाँ होगा?’ महिनाभर सुया टोचून घेऊन ती वाचली. आजही आल्यागेल्याला सांगते, ‘ह्यांनी वेळेवर नेलं म्हणून मी आहे.’ एरवी तिचं एक वाक्य न खोडता सोडत नाही मी. तेवढं मात्र सोडतो.